एका अर्जावर दीडशे सह्या: कामगार वसाहतीतील पेन्शन, विरंगुळा केंद्र आणि प्रभागाचे राजकारण

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातली एक कामगार वसाहत. कंपन्यांतून निवृत्त झालेली मंडळी संध्याकाळी उद्यानाच्या कट्ट्यावर जमतात. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली असते. कोणीतरी फुलस्केप कागद काढतो, मजकूर लिहिला जातो आणि दोन दिवसांत दीडशे सह्या होतात. मागण्या पाच: ईपीएस-95 ची (कंपनी कामगारांच्या भविष्य निधीशी जोडलेल्या 1995 च्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता, सर्व ज्येष्ठांना श्रावणबाळ योजना, विरंगुळा केंद्र, उद्यानात बाक आणि दिवे, मुख्य रस्त्यापर्यंत पदपथ. कागदाच्या माथ्यावर 'प्रति, सर्व पक्षांचे इच्छुक उमेदवार'.

हे प्रकरण कोणा एका वसाहतीचे नाही. नाशिकच्या अनेक भागांत जे घडते ते इथे एकाच ठिकाणी मांडले आहे. माणसांची संख्या हिशेब कळावा म्हणून धरली आहे. नियम, रकमा आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

अर्ज सगळ्याच इच्छुकांनी हसतमुखाने घेतला, फोटो निघाले, दोघांनी त्याचे फ्लेक्सही लावले. त्यात कोणाचे काहीच जात नव्हते. पहिली मागणी दिल्लीच्या हातात, दुसरी राज्य सरकार आणि तहसील कार्यालयाच्या, उरलेल्या तीन महापालिकेच्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कामे आहेत आणि 66 मध्ये ऐच्छिक. त्या चौकटीत ईपीएसची पेन्शन वाढवण्याचा अधिकार कुठेच येत नाही. पाचही मागण्या एका कागदावर असल्या की उत्तरही एकच मिळते, 'पाठपुरावा करू.'

वसाहतीने पहिले शहाणपणाचे काम केले ते सह्यांचा कागद बाजूला ठेवून दोनशे पानी वही घालण्याचे. प्रत्येकासाठी एक ओळ: नाव (आधारवर आहे तसेच), जन्मतारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, दरमहा रक्कम, ती कोणत्या बँकेत येते, रेशनकार्डाचा रंग, दुसरी कुठली योजना चालू आहे का. तीन संध्याकाळी लागल्या. दीडशेपैकी 90 जण ईपीएसवाले निघाले, 22 सरकारी किंवा जिल्हा परिषदेचे निवृत्त, आणि 38 जणांना नोकरीची कसलीच पेन्शन नव्हती. सरकारी 22 जणांचे काम नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यापुरतेच; त्यांच्या सह्या केवळ शेजारधर्माच्या होत्या.

ईपीएसच्या 90 ओळी

साडेसात हजारांची मागणी संसद, केंद्रीय कामगार मंत्रालय आणि भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या विश्वस्त मंडळाच्या कक्षेतली. किमान हजार रुपयांचा आकडा 1 सप्टेंबर 2014 पासून आहे तिथेच आहे. त्यासाठी खासदाराला निवेदन द्यावे, मोर्चाला जावे. नगरसेवकाच्या इच्छुकाला धरून काही हाती लागत नाही. पण वहीत दुसरीच गोष्ट दिसली. आपल्याला हजारच का मिळतात, हे हजाराच्या आसपास पेन्शन असलेल्यांपैकी बहुतेकांना माहीतच नव्हते.

हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले 70. पगारावर मर्यादा. 2001 पासून 6,500 आणि सप्टेंबर 2014 पासून 15,000. त्यामुळे 1 सप्टेंबर 1996 ला लागून 31 ऑगस्ट 2024 ला निवृत्त झालेल्या कामगाराची सेवा दोन तुकड्यांत मोजली जाते. आधीची 18 वर्षे: 6,500 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे 1,671. नंतरची 10 वर्षे: 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे 2,143. मिळून 3,814. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल दोन वर्षांची भर पडते ती वेगळी. याउलट कंपनी बंद पडली म्हणून ज्याची जेमतेम दहा वर्षे जुन्या मर्यादेत भरली त्याचे गणित 928 वर थांबते आणि नियमाने ते हजारावर आणले जाते. शेवटचा पगार चाळीस हजार होता की पंधरा, याने या हिशेबात फरक पडत नाही. तो पडावा यासाठीचा वाढीव पेन्शनचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालापर्यंत गेला. पण पर्याय मुदतीत न भरलेल्याला त्याचा उपयोग नाही.

वहीतून प्रत्यक्ष पैसे निघाले ते तीन ठिकाणी.

पहिले कम्युटेशन. 25 सप्टेंबर 2008 पर्यंत निवृत्त झालेल्यांपैकी काहींनी पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते. मूळ पेन्शन 1,500, त्यातले 500 विकले, हातात हजार. अशा माणसाला वाटते की आपण 'किमान'वाले. फेब्रुवारी 2020 च्या दुरुस्तीने पंधरा वर्षे झाल्यावर विकलेला भाग पूर्ववत करायचा ठरले. 2008 च्या सप्टेंबरात विकलेल्यांचीही पंधरा वर्षे 2023 मध्ये भरली, म्हणजे आज या गटातला प्रत्येक जण पात्र आहे. पीपीओवर कम्युटेशनची नोंद आणि पासबुकातली आजची रक्कम शेजारी ठेवली की दोन मिनिटांत कळते. फरक दिसला तर पीपीओची प्रत, पासबुकाचे पान आणि साधा अर्ज सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयात. 'भांडवल परतावा' (पेन्शन कमी घेऊन पुढे एकरकमी परताव्याचा पर्याय) घेतलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांनी या आशेवर राहू नये.

दुसरे, विधवा. 38 जणांच्या यादीतल्या दोन बायकांचे नवरे नोकरीत असतानाच वारले होते. 'दहा वर्षे झाली नव्हती म्हणून काही नाही' असे त्यांना कंपनीतल्या कोणीतरी सांगितले आणि त्या गप्प बसल्या. दहा वर्षांची अट सदस्याच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते. फॉर्म 10-डी, मृत्यूचा दाखला, दोघांचे आधार, बँक पासबुक.

तिसरे, नावांचा घोळ. पीएफमध्ये 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. दुरुस्तीला संयुक्त घोषणापत्र लागते आणि त्यावर मालकाची मान्यता. सातपूर-अंबडमध्ये मालकच उरला नाही अशी प्रकरणे थोडी नाहीत. बंद आस्थापनेच्या बाबतीत राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक, आमदार किंवा खासदार यांच्या साक्षांकनाने काम होऊ शकते. राजकीय माणसाकडून ईपीएसवाल्याला प्रत्यक्षात मिळू शकणारी मदत ती हीच: एक सही आणि शिक्का. ती मागायला मोर्चा लागत नाही, सकाळी दहाला आमदारांच्या संपर्क कार्यालयात कागद घेऊन जावे लागते. अडलेले प्रकरण दर महिन्याच्या 27 तारखेला भरणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात मांडता येते. तिथे तोंडी गाऱ्हाणे नको, आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक हवा.

हयातीच्या दाखल्याचे वेळापत्रक एका मोठ्या कागदावर लिहून कट्ट्याशेजारी डकवले, आणि सगळ्यांत जास्त उपयोग त्या कागदाचाच झाला. सरकारी निवृत्तांना नोव्हेंबर. ईपीएसला वर्षात केव्हाही, दिल्या दिवसापासून बारा महिने. निराधार-श्रावणबाळला जानेवारी ते मार्च. शेजाऱ्याचे ऐकून नोव्हेंबरात धावपळ करणारे आणि मार्च विसरणारे दरवर्षी सापडतात.

अठ्ठावन्न रुपयांची अट

आता उरलेले 38, म्हणजे या प्रकरणाचा खरा गाभा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत 65 वर्षांवरच्या व्यक्तीला दरमहा 1,500 रुपये मिळतात. जुलै 2023 मध्ये ही रक्कम 1,000 वरून वाढली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातले 200 केंद्राचे आणि 1,300 राज्याचे. ऐंशी ओलांडली की 500 आणि 1,000. बेरीज तीच राहते. 'दोन पेन्शनी मिळतात' हा समज चुकीचा. 65 च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे.

अट आहे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची: 21,000 रुपये. महिन्याला 1,750. दिवसाला अठ्ठावन्नही नाहीत. नाशिक शहरात एवढ्यात कोणाचेही घर चालत नाही, हे तलाठ्याला ठाऊक आहे, तहसीलदाराला ठाऊक आहे आणि अर्जदाराला तर आहेच. मग दाखला निघतो कसा? म्हातारा-म्हातारीचे रेशनकार्ड मुलापासून वेगळे काढतात, पंचनामा होतो, तलाठी अहवाल देतो. कधी देत नाही. अट पाळणे अशक्य असले की ती कोणासाठी सैल धरायची हा प्रश्न उरतो, आणि त्या सैल धरण्यातूनच गल्लीतल्या कार्यकर्त्याचे वजन तयार होते. 'काकू, तुमचं प्रकरण मी मंजूर करून आणलं' हे वाक्य प्रभागाच्या राजकारणात गटारीच्या कामापेक्षा जास्त मते देते. मर्यादा वाढवा अशी मागणी सगळे पक्ष करतात. ती वाढली तर या मध्यस्थीची किंमत उतरेल, हे कोणी बोलत नाही.

ईपीएसवाल्यांसाठी याच आकड्यात एक खोच आहे. हजार रुपये पेन्शन म्हणजे वर्षाचे 12,000, मर्यादेच्या आत. 1,800 झाली की 21,600, मर्यादेबाहेर. किमान पेन्शन उद्या खरोखर साडेसात हजार झाली तर वर्षाचे नव्वद हजार होतील आणि श्रावणबाळचा प्रश्नच मिटेल. म्हणजे अर्जावरची पहिली मागणी मान्य झाली तर दुसरी त्या लोकांपुरती आपोआप बाद. अर्ज लिहिताना हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. चालू असलेली पेन्शन अर्जात लपवू नये; आधार आणि बँक खाते जोडलेल्या काळात ती लपत नाही, आणि पुढे वसुलीची नोटीस येते.

प्रकरण मंजूर करते ती समिती. तिचा अध्यक्ष अशासकीय, तो आणि अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या पसंतीने नेमले जातात. तहसीलदार सदस्य सचिव. निवडून न आलेल्या कार्यकर्त्याला लाल दिव्याविना मान देणारी ही जागा आहे, म्हणून सत्तेतल्या पक्षांत तिच्यावरून ओढाताण असते. नाशिकला 18 जानेवारी 2025 ला जाहीर झालेली पालकमंत्र्यांची नियुक्ती दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली आणि महायुतीतल्या पक्षांचा तिढा महिनोन्महिने चालला. पालकमंत्री नाही तर नव्या नेमणुका लटकतात. पण समिती नसली म्हणून प्रकरणे थांबवायची गरज नसते. महसूल अधिकारी छाननी करून निर्णय घेऊ शकतात. 'समिती बसली नाही' हे उत्तर खिडकीवर मिळाले तर अर्जाची पोच दाखवून लेखी स्थिती मागावी. वसाहतीतल्या ज्या सात जणांकडे पोच होती त्यांच्या फाइली सापडल्या. ज्यांनी कागद कार्यकर्त्याच्या हाती दिले होते त्यातल्या चौघांचे अर्ज तहसीलमध्ये पोहोचलेच नव्हते. त्याच्या गाडीच्या डिकीत होते.

आधीपासून श्रावणबाळचा 'पगार' घेणाऱ्या तिघांचे पैसे बंद पडले होते, तेही राजकारणाने नव्हे. 2024 च्या डिसेंबरपासूनचे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने येऊ लागले. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी शेवटचे जोडलेल्या खात्यात जातात. खात्याला आधार 'लिंक' असणे आणि पैसे स्वीकारण्यासाठी 'सीड' असणे यात फरक आहे; बँकेच्या खिडकीवर नेमका हा शब्द वापरावा. तिघांपैकी दोघांचे पैसे मोबाइलच्या दुकानात सिमकार्डासोबत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात साठत होते. माय-आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते. तिसऱ्याचा हयातीचा दाखलाच राहिला होता.

खोली, जागा आणि किल्ली

विरंगुळा केंद्राची मागणी सोपी वाटते आणि जागेवर अडते. सातपूर औद्योगिक वसाहतीतला भूखंड एमआयडीसीचा, सिडकोच्या सहा योजनांतली जागा वेगळ्या हस्तांतरणाची, आणि खासगी लेआउटमधली खुली जागा पुष्कळदा सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नावे. आधी उतारा आणि मंजूर लेआउटची प्रत काढायची, मग मागणी करायची. खुल्या जागेवर बांधकाम मर्यादेतच होते. तिथे 'दोन मजली सभागृह' असे निवेदन दिले की नगररचना विभाग फाइल परत पाठवतो आणि कार्यकर्ता सांगतो की अधिकारी विरोधकांचे आहेत.

फाइलीचा रस्ता ठरलेला आहे. शाखा अभियंत्याची पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, लेखाशीर्षात तरतूद, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. काम अंदाजपत्रकात धरायचे तर मागणी हिवाळ्याआधी विभागीय कार्यालयात नोंदलेली हवी. कार्यारंभ आदेश निघण्याआधी आचारसंहिता लागली तर काम तिथेच थांबते. नाशिकच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर प्रशासकांचा कारभार, आणि 15 डिसेंबर 2025 ला निवडणूक जाहीर होताच आचारसंहिता लागली. त्या आठवड्यात नारळ फुटलेल्या कामांत नुसताच नारळ फुटलेली किती, हे फलकावरून कळत नाही. आदेशाचा क्रमांक विचारावा. पालिकेकडे तरतूद नसेल तर आमदारांचा स्थानिक विकास निधी हा दुसरा मार्ग. तो वर्षाला पाच कोटी असतो, पण पूर्ण मतदारसंघाला. आणि 31 ऑक्टोबर 2026 च्या ध्वजारोहणापासून सुरू होणाऱ्या सिंहस्थामुळे अभियंते आणि ठेकेदार दोन्ही त्या कामांत गुंतलेले, याचा अंदाज ठेवूनच मुदत मागावी.

नकाशा पाहायला मिळाला तर चार गोष्टी पेन्सिलीने खूण करून घ्याव्यात, बांधल्यावर कोणी तोडत नाही. जोते 45 सेंटिमीटर उंच असेल तर 1:12 उताराने रॅम्प 5.4 मीटर लांब लागतो. ठेकेदार तो दोन मीटरमध्ये उरकतो आणि मग त्यावरून फक्त मोटारसायकल चढते. कठडा 80 ते 90 सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंनी. शौचालयाच्या दाराची मोकळी रुंदी किमान 90 सेंटिमीटर, दार बाहेर उघडणारे. आत पडलेल्या माणसाला आत उघडणाऱ्या दारातून बाहेर काढता येत नाही. उद्यानातले बाक 45 सेंटिमीटर उंच, पाठ आणि हात टेकायला दांडा असलेले. नगरसेवकाचे नाव कोरलेला बिनपाठीचा सिमेंटचा बाक स्वस्त पडतो. सत्तरीच्या माणसाला त्यावरून उठता येत नाही.

पदपथाची मोकळी रुंदी 1.8 मीटर. पेव्हर ब्लॉक पायी चालण्याला 60 मिलिमीटर जाडीचा पुरतो, पण गाड्या चढणार असतील (आणि त्या चढतातच) तर 80. ब्लॉक खचतात ते बहुधा ब्लॉकच्या दोषाने नव्हे. खालचा मुरूम न दाबताच वर कच पसरलेली असते, आणि ड्रेनेजच्या चेंबरभोवती तर कोणीच दाबत नाही. पहिल्या पावसात चेंबरभोवती वाटीसारखा खळगा पडतो. दोषदायित्वाच्या मुदतीत लेखी तक्रार केली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. तक्रार व्हॉट्सॲपवर नको, आवक क्रमांकासह.

केंद्र उभे राहिल्यावरचा धोका वेगळा. उद्घाटन होते, कॅरम येतो, आणि किल्ली नेत्याच्या संपर्क कार्यालयात राहते. सहा महिन्यांनी तिथे वाढदिवसाचे फ्लेक्स ठेवलेले असतात आणि वीजबिल थकलेले असते. म्हणून खोली मिळण्याआधीच मंडळाची नोंदणी हवी: किमान सात सदस्य, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. मग पालिकेशी लेखी करारनामा, त्यात वीजबिल कोणी भरायचे, किल्ली कोणाकडे, राजकीय बैठकांना मनाई ही तीन कलमे. तिसऱ्या कलमावर सर्वच पक्षांची कुरबुर होते.

चौघांपैकी कोण

नाशिकमध्ये 122 नगरसेवक, 31 प्रभाग. 29 प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीनांचे. मतदार चार मते देतो आणि कामाच्या वेळी कोणाकडे जायचे ते त्याला कळत नाही. बारभाई कारभार. चौघे एकाच पक्षाचे असले तरी आतून दोन गट असतात. वेगवेगळ्या पक्षांचे असले तर एकाच गटारीचे श्रेय चौघे घेतात आणि काम अडले की चौघेही बोट दुसऱ्याकडे दाखवतात. 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर वसाहतीने चौघांना एकच पत्र देण्याचे टाळले. पदपथ एकाकडे, केंद्राची जागा दुसऱ्याकडे, उद्यान तिसऱ्याकडे, दिवे चौथ्याकडे. प्रत्येक पत्राची प्रत सातपूरच्या विभागीय अधिकाऱ्यांना आणि बाकीच्या तिघांना. ज्याच्या नावावर काम आहे त्याला आपण मागे पडलेले परवडत नाही. केंद्राच्या जागेचे पत्र मात्र मुद्दाम वकिली केलेल्या, लेआउटचा नकाशा वाचता येणाऱ्या नगरसेविकेकडे दिले, पक्ष न पाहता. सगळ्यांत आधी हलले ते दिवे. पदपथाचे अंदाजपत्रक झाले आहे. जागेचा उतारा दुरुस्तीला गेला आहे आणि ते काम वेळखाऊ आहे.

वहीच्या शेवटी एक पान वेगळे काढले आहे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार घेणाऱ्या नऊ बायका, त्यातल्या चौघी येत्या वर्षात पासष्टी ओलांडणार. ज्या योजनेतून त्या बाहेर पडतील तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. ज्या श्रावणबाळमध्ये त्यांनी जायचे तिची एकवीस हजार. रक्कम तीच, अट मात्र जवळजवळ बारा पट कडक, आणि दोन्हींच्या मध्ये समिती. चौघींच्या जन्मतारखांपुढे लाल पेन्सिलीने तीन महिने आधीची तारीख लिहिली आहे. त्या दिवशी वेगळे रेशनकार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत पडायला हवा. सर्वांत जवळची तारीख श्रावणातली आहे.